जुन्या वर, नव्या खाली

कारखान्यात तिला सगळे कटिंगताई म्हणत. शिवणाऱ्या बायका पुष्कळ होत्या, कापणारी ही एकटीच. लांबलचक टेबलावर कापडाचे थर एकावर एक पसरायचे, त्यांची वीतभर उंच थप्पी झाली की उभ्या पात्याचं विजेचं मशीन त्यातून फिरवायचं. हात जरा वाकडा गेला तर एक बाही वाया जात नाही, अख्खी थप्पी जाते. आणि पात्याला कापड कुठलं, बोट कुठलं, हे कळत नाही.

याचं चालतंबोलतं उदाहरण टेबलाच्या दुसऱ्या टोकालाच असे. तिच्या आधी मशीन चालवणारे मास्तर. त्यांचं नाव पडलं होतं साडेआठ, कारण दोन्ही हातांना मिळून बोटं तेवढीच उरली होती. आता ते फक्त थर पसरत. "मला हिशेबाला बसवू नका, माझी बेरीज दहापर्यंत जातच नाही," म्हणून स्वतःच हसत.

त्यांनीच तिला काम शिकवलं. डाव्या हातात लोखंडी कड्यांचा हातमोजा घातल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही, हा पहिला धडा. आणि दुसरा म्हणजे, रंगाच्या दोन वेगळ्या घाण्यांतून निघालेले तागे एका थप्पीत घालायचे नाहीत. "रंग सारखाच वाटतो गं. पण उन्हात नेलं की एक बाही सख्खी, दुसरी सावत्र." तेव्हापासून नवा तागा आला की ती त्याचं टोक खिडकीशी नेऊन निरखायची. तिची नजर सहसा फसत नसे.

थायरॉइडचं दुखणं मात्र तिच्या नजरेतून निसटलं. आधी नुसती सुस्ती आली. पाय जड, चेहरा सुजलेला, भर उन्हाळ्यात अंगावर शाल. रक्त तपासलं, गोळी सुरू झाली. रोज सकाळी उपाशीपोटी एक, आणि आयुष्यभर. त्या सुस्तीत ती गोळी घ्यायलाच विसरू लागली, तेव्हा सासूबाईंनी ते काम आपल्याकडे घेतलं. रोज उठल्याबरोबर तिच्या तळहातावर गोळी, दुसऱ्या हातात पाण्याचा पेला. "घे, आणि चहाला तासभर हात लावलास तर बघ!"

असं असूनही तब्येतीचा झोका थांबेना. कधी छातीत धडधड, हाताला कंप, घामाच्या धारा आणि रात्रभर टक्क डोळे. मग तेच अंग पुन्हा ओल्या गोणपाटासारखं जड. डॉक्टर डोस कमी करत, तर आणखी महिनाभर धडधड चालूच राही. ते अजून कमी करत, मग एकदम सगळं थंड. वाढवत, तरी थंडच, आणि मग अचानक पुन्हा घोडा उधळे. जणू औषध तिचं ऐकतच नव्हतं, मागच्या खेपेला सांगितलेलं ऐकत होतं. धाकटी मुलगी शाळेला निघताना विचारी, "आज आई ससा की कासव?" घरात सगळे हसत. तीही हसे.

"गोळी चुकत तर नाही ना?" डॉक्टर प्रत्येक वेळी विचारत.

"माझ्या सासूबाई हातावर ठेवतात. चुकायची सोयच नाही," ती अभिमानाने सांगे.

त्या आठवड्यात सशाचे दिवस चालू होते. काळ्या कापडाची मोठी थप्पी लागली होती. वळणावर तिचा हात थरथरला, पातं रेघ सोडून आत घुसलं आणि मोज्याच्या कड्यांवर खर्रकन घासलं. ठिणगी उडाली. तिने मशीन बंद केलं. मोज्याची दोन कडी तुटली होती, आतलं बोट शाबूत होतं.

साडेआठ मास्तर जवळ आले. या वेळी ते हसले नाहीत. "माझाही मोजा आधी असाच तुटला होता," ते हळूच म्हणाले. "तेव्हा वाटलं, वाचलो."

मालकीणबाईंनी वाया गेलेली थप्पी पाहिली. "ताई, तब्येत सांभाळा. पण असं पुन्हा झालं तर मशीन दुसऱ्याच्या हाती द्यावं लागेल. मग तुम्हाला द्यायला माझ्याकडे दुसरं काम नाही."

दुसऱ्या दिवशी सासूबाई तापाने अंथरुणात होत्या. "डबी फळीवर आहे गं, तूच घे आज," त्या आतूनच म्हणाल्या. बाटलीचं झाकण त्यांच्या सांधे धरलेल्या बोटांना उघडत नसे, म्हणून गोळ्या स्टीलच्या डबीत असत, हे तिला माहीत होतं. डबी आजवर तिने उघडली नव्हती. उघडली आणि सवयीने खिडकीशी नेली.

वरच्या गोळ्या खडूसारख्या पांढऱ्या. बोटाने बाजूला केल्या तर खालच्या किंचित दुधाळ. आणखी खाली पुन्हा वेगळ्या, कडा जरा जाड.

"आई," ती दारात जाऊन उभी राहिली, "नवी बाटली आली की काय करता हो तुम्ही?"

"काय करणार? तांदळाचं करतो तेच." सासूबाई उशीवर उठून बसल्या. "डबी रिकामी करायची, नव्या खाली, जुन्या वर. जुन्या आधी संपायला नकोत? औषध टाकायचं म्हणजे काय!" त्यांच्या आवाजात शाबासकीची अपेक्षा होती.

तिने डबीचं झाकण लावलं. डॉक्टरांनी डोस बदलला की पोटात जात होता तो आधीचा. तो संपून नवा सुरू होईतो डॉक्टर पुढचा बदल करून मोकळे. वर्षभर तिच्याच रक्तात वेगवेगळ्या घाण्यांचे तागे एका थप्पीत पडत होते, आणि पसरणारा हात मायेचा होता.

"का गं? चुकलं का काही?"

"पडा तुम्ही. ताप आहे," एवढंच ती म्हणाली. डबी ओच्यात धरून ती डॉक्टरांकडे गेली.

डॉक्टर डबीकडे बघतच राहिले. "हे सगळं बंद. एकाच ताकदीची नवी बाटली, आणि गोळी तिच्यातूनच घ्यायची. दीड महिन्याने रक्त तपासू. छातीत दुखलं, श्वास लागला तर मात्र थांबू नका, लगेच या."

"तोवर हाताचा कंप थांबेल?"

"सांगता येत नाही. आधीचं अंगातून उतरायला वेळ लागतो."

कारखान्यात काळी थप्पी पुन्हा लागलेली होती. वर नवा मोजा ठेवला होता. मालकीणबाई ऑफिसच्या काचेआडून बघत होत्या. तिने हात पुढे केला. बोटांची टोकं अशी थरथरत होती, जशी दूरवरून गाडी येताना पेल्यातलं पाणी थरथरतं. तिने हात मागे घेतला, मोजा उचलला आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवला.

"मास्तर, आजपासून दीड महिना तुम्ही."

"मी? अगं, मला आता रेघ नीट दिसत नाही."

"मी रेघ सांगते. तुमचा हात तरी स्थिर आहे."

साडेआठ मास्तरांनी काचेकडे पाहिलं. तिथून मालकीणबाईंनी होकार दिला नाही, पण अडवलंही नाही. त्यांनी मोजा चढवला. त्याचं एक बोट रिकामंच लोंबत राहिलं, दुसरं अर्धं. मशीन घरघरलं. ती त्यांच्या खांद्याशी उभी राहून सांगू लागली, "जरा उजवीकडे... सावकाश... आता वळण."

वळणावर मशीन अडलं, थांबलं. तिने कापडाकडे पाहिलंच नाही. आधी त्यांच्या हाताकडे पाहिलं. बोटं साडेआठच्या साडेआठ जागेवर होती.