आधी मातीला हात

विटांच्या ढिगातून शेवंताबाईचा हात कोपरापर्यंत बाहेर आला होता आणि मुठीत आमटीचा डाव. मी डाव ओढला, तो सुटला नाही. दुपारचा एक वाजला असेल... बाहेर पावसाची नुसती भुरभुर होती.

शेवंताबाई माझी थोरली जाऊ. दोघी विधवा, मुरबाडला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत एकत्र राहायचो. पुढे बंद पडलेलं दुकान, मागे स्वयंपाकघर.

तुम्ही इथे भुताखेतांचे अनुभव लिहिता, नात मला मोबाईलवर वाचून दाखवते. त्यातला एकही मला खरा वाटलेला नाही. मी चौथी शिकलेली आहे, पण खुळी नाही.

दुकानात माझ्या नवऱ्याने व्हिडिओ गेमच्या दोन मशीन ठेवल्या होत्या. एकीवर पोरांची झुंबड. दुसरीत कॉमिकमधले वीर मारामारी करायचे — झगेवाले, मुखवटेवाले. तिच्याकडे कुणी फिरकायचं नाही, म्हणून हाच खेळायचा. तरुणपणी जत्रेत कुस्त्या मारलेला माणूस. निळ्या मुखवट्याचा वीर घ्यायचा आणि लढत सुरू झाली की दांडा दाबून त्याला आधी दोनदा खाली वाकवायचा. तेवढ्यात समोरचा बदडून काढायचा.

"काका, मारा ना! वाकता कशाला?" पोरं हसायची.

"मातीला हात लावल्याबिगर कुस्ती नाय रे."

तो गेल्यावर चांगली मशीन भंगारात गेली. हिला भंगारवाल्यानेही हात लावला नाही. मी तिची वायर कापून कपडे वाळत घालायला बांधली आणि डोक्यावर कांदे पसरले. जेवायला बसलो की शेवंताबाई म्हणायची, "तुजा नवरा त्या पेटीत बसलाय गो, त्याला बी बोलाव." सासू लवकर गेली, शेवंताबाईनेच त्याला लहानाचा मोठा केलेला. थट्टा करायची आणि रोज पदराने मशीनची काच पुसायची.

त्या दुपारी ती आत वाढायला गेली, मी कांदा घ्यायला मशीनपाशी थांबले. काच उजळली. निळा मुखवटा उभा होता, समोर लढायला कुणी नाही. तो वाकला. उठला. पुन्हा वाकला. मग माझ्याकडे तोंड करून तसाच उभा राहिला.

आतून हाक आली, "कांदा पिकवतेस का गो? आमटी निवली!"

तिला बाहेर बोलवायला मी तोंड उघडलं होतं... म्हटलं, ही जन्मभर चिडवेल. म्हणून मिटलं.

मग स्वयंपाकघराची भिंत खाली आली.

नंतर शहापूरहून टीव्ही दुरुस्त करणारा बोलावला. त्याने मागची फळी काढली. आत उंदरांनी घर केलेलं, पिक्चर ट्यूब फुटलेली.

"आजी, ही कशी चालंल? हिला करंट कुठून आला?"

मी दोरीकडे बोट दाखवलं. वायरवर माझं लुगडं वाळत होतं.

तो असेल, तर मलाच का थांबवलं? जिने त्याला भरवलं तिला का नाही? की तो दोघींसाठी आला होता आणि निरोप मीच गिळला? नात म्हणते, भास झाला असेल. असेल. पण मग मी तिथे इतका वेळ कशापायी थांबले, ते तिलाही सांगता येत नाही.

घरात दोघी होतो. मी वाचले.