साहेबांना कॉपी नको होती

तिसऱ्या वेळीही जेलवर पट्टी उमटली नाही. जेल म्हणजे प्रथिनं आकारानुसार वेगळी करून दाखवणारा पातळ थर. हवं ते प्रथिन तयार झालं असेल, तर ठरलेल्या जागी पट्टी दिसते.

चिकलठाण्याच्या आमच्या कंपनीत माणसाचा जीन बॅक्टेरियात घालून प्रथिन बनवायचं चाललं होतं. काम करत होती माझ्या हाताखालची कविता. देवगाव रंगारीची, प्रोबेशनवर.

एमडी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "पोरीच्या हाताला गुण नाय. महिनाअखेर मोकळं करा तिला."

"चूक हाताची नाही साहेब, जीनची आहे. तिनं सीडीएनए, म्हणजे कॉपी डीएनए, मागितला होता."

"ती कॉपी? आमच्या गुलमंडीच्या दुकानात कधी कॉपी माल ठेवला नाय."

साहेब कापडाच्या धंद्यातून इकडे आलेले. अक्कल मात्र दुकानातच विसरून आले होते. कविताने प्लॅनमध्ये 'कॉपी डीएनए' लिहिलं, साहेबांनी त्यावर लाल रेघ मारून 'ओरिजनलच वापरा' असा शेरा दिला होता.

मग मी त्यांना सातवीच्या वर्गाला सांगावं तसं सांगितलं. माणसाच्या पेशीत जीन केंद्रकात असतो. त्याची आधी आरएनए नावाची नक्कल निघते. तिच्यात मधेमधे फालतू तुकडे असतात. ते कापून, उरलेलं जोडून मगच ती केंद्रकाबाहेर जाते आणि प्रथिन बनतं. बॅक्टेरियाला केंद्रकच नसतं. तिथं नक्कल निघता निघताच प्रथिन बनायला लागतं, आणि आपले तुकडे कापायची सोय त्याच्याकडे नाही. तो फालतू मजकूरही वाचत सुटतो आणि अर्ध्यातच थांबतो. साफ झालेल्या आरएनएवरून उलट बनवलेला डीएनए म्हणजे ती कॉपी. बॅक्टेरियाला तीच चालते.

साहेब म्हणाले, "व्हय, पण मग हे तव्हाच का नाय सांगितलं, मॅडम?"

त्या माणसाने वर्षभरात विचारलेला हा पहिला शहाणा प्रश्न. रेघ मारली तेव्हा मी शेजारच्या खुर्चीत होते. मीटिंग लांबेल म्हणून गप्प बसले आणि खाली सही केली. माझी मलाच लाज वाटली.

कविताने सीडीएनए घालून काम पुन्हा केलं. पट्टी आली, ठळक. कविता नोकरीत कन्फर्म झाली.

पत्र घेऊन ती माझ्याकडे आली. "मॅडम, तुम्हाला तव्हाच माहीत व्हतं?"

"होतं."

"बरं," म्हणाली, आणि गेली. त्यानंतर तिनं एकही प्लॅन मला आधी दाखवला नाही.

माहीत असेल ते मीटिंगमध्येच बोलावं. नंतर बोललं, की त्याला कबुली म्हणतात.