आधीच चिरलेलं डांगर

१९४४ साल, पौष महिना, मंगळवार. उजाडायच्या आत मी गोठ्यात बसून डांगर चिरत होते. तांबड्या भोपळ्याला आमच्या हिंगोलीकडं डांगर म्हणतात. दिवाळीनंतर वेलावरून काढून माळवदावर ठेवलेलं डांगर पौषापर्यंत इतकं कठीण होतं, की विळी त्यावरून नुसती घसरते. त्याला एकच उपाय असतो. कोयत्याची धार डांगरावर टेकवायची आणि कोयत्याच्या पाठीवर वरवंट्यानं ठोकत जायचं. आवाज होऊ नये म्हणून मी खाली गोणपाट घातलं होतं आणि वरवंट्याला फडकं गुंडाळलं होतं. बुडाकडून चीर वर सरकत देठाच्या चार बोटं अलीकडं आली तशी मी थांबले. दोन्ही अंगं दाबून डांगर सरळ ठेवलं. नीट बघणाऱ्याला चीर दिसली असती. पण ज्यांच्यापुढं ते ठेवायचं होतं, त्यांना दिसत नव्हतं.

माझ्या सासऱ्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता. उजेड आणि अंधार एवढंच त्यांना कळे. आमच्या घरात अख्ख्या डांगरावर पहिला घाव बाईनं घालायचा नाही, अशी रीत होती. ते बळी देण्यासारखं काम, म्हणून पुरुषाचं. आणि घरात थोरला पुरुष असताना धाकट्यानं कोयता उचलायचा नाही, म्हणून माझ्या मालकांनीही नाही. सासऱ्यांचा घाव पडला की पुढचं सगळं माझं: गर काढायचा, बिया राखेत घोळून वाळत घालायच्या, फोडी करायच्या, साल काढायची.

नांगर सुटला होता, बैलांचा व्यवहार सुटला होता, औंढ्याच्या नागनाथाला पायी जाणं सुटलं होतं. त्यांच्यावाचून अडेल असं घरात हे एकच काम उरलं होतं. हे मला माहीत होतं. माहीत नसतं तर आज हे लिहायची गरज पडली नसती.

आदल्या हिवाळ्यात मी वाट बघत बसायची. कोयता घसरे, डांगर ओसरीवरून गडगडत जाई, ते चाचपत त्याच्या मागं जात. कधी कधी अर्धा तास. इकडं रानात कापूस वेचायला बायका गेलेल्या असत. त्यांच्या भाकरी त्यांच्या, पण कालवण आमच्या घरून जायचं. एकदा कोयता त्यांच्या अंगठ्याशेजारी भुईत रुतला. मी मालकांना म्हणाले, त्यांना आता राहू द्या म्हणून सांगा. ते म्हणाले, तूच सांग. मला सांगवेना. मग मी हा मार्ग काढला. त्या मंगळवारी माझी चौथी वेळ होती.

"मामंजी, डांगर ठेवलंय."

"आण कोयता." त्यांनी धारेवरून अंगठा फिरवला, देठ चाचपला आणि घाव घातला. घाव पडला एका अंगाला. डांगर फुटलं माझ्या चिरेवर. दोन भकलं दोन बाजूंना पडली.

"एका घावात," ते म्हणाले.

मी भकलं उचलून चुलीपाशी आणली. एक झाकून संध्याकाळसाठी ठेवलं, दुसऱ्याच्या चंद्रकोरीसारख्या फोडी केल्या. डांगराची साल गोल धरून काढू नये, हात जातो. फोड पाटावर आडवी ठेवायची आणि वरून खाली कापत यायचं. सालीखालचा हिरवट पट्टाही काढायचा, नाहीतर तो भाजीत शिजत नाही आणि दातात अडकतो. साली काढून मी कालवण चुलीवर चढवेपर्यंत सासऱ्यांचे लहानपणचे सोबती तंबाखू खायला आले. शेजारचंच घर त्यांचं. ते रोज येत.

"सूनबाई, आज लई लवकर कालवणाचा वास सुटला," ते म्हणाले.

"डांगर फोडलं न्हवं का म्या," सासरे म्हणाले. "चार डांगरं फोडली या पौषात. चारी एका घावात."

"डोळ्यातलं बळ हातात उतरलं का काय तुह्या? का म्हशीच्या आंबोणातलं खाऊन राहिलास?"

"इच्यार तिला."

दोघांनी माझ्याकडं तोंड केलं. मी कालवणात मीठ टाकत होते. "व्हय," मी म्हणाले. "एका घावात."

"मंग आमचं बी फोडून दे की," सोबती म्हणाले. "दगडासारखं हाय. पोरगं दोन दिस झाले टाळून राहिलं."

"घेऊन ये."

तिथं मी काहीतरी बोलायला हवं होतं. काहीही चाललं असतं. आमच्या कोयत्याचा दांडा ढिला झालाय म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण कालवणाला उकळी आली होती आणि म्हातारी माणसं चेष्टा करताहेत असं मी धरलं.

दुपारी ते खरोखर डांगर खांद्यावर घेऊन आले. पारावर बसलेले दोघे तिघेही मागं आले. सासऱ्यांनी मुंडासं नीट केलं. पहिला घाव घसरला. डांगर ओसरीवरून खाली अंगणात गेलं, कोंबड्या उडाल्या.

"लाजून पळून राहिलं," सोबती हसले. "नवरी हाय का डांगर?"

सासरेही हसले. दुसऱ्या घावाला थोडी साल निघाली. तिसरा ओसरीच्या लाकडाला लागला. चौथ्या वेळी त्यांनी दोन्ही हातांनी कोयता उचलला, तेव्हा कोणी हसलं नाही. तो घाव कुठंच लागला नाही.

"थंडीनं धार गेली असंल," सोबती हळू आवाजात म्हणाले. "राहू दे. कशाला तकलीफ." त्यांनी आपलं डांगर उचललं. बाकीचे आधीच निघाले होते.

सासऱ्यांनी कोयता खाली ठेवला. मग म्हणाले, "सकाळचं काही उरलंय का?"

मी झाकून ठेवलेलं भकल त्यांच्या हातात दिलं. दुसरं काही द्यायला नव्हतंच. त्यांनी बोटं सालीवरून नेली. आपल्या कोयत्याची खाच सापडली तिथं अंगठा ठेवला. मग दुसऱ्या हातानं कापलेली कड चाचपली. ती बाभळीच्या फळीसारखी सरळ होती.

"घाव हितं," ते म्हणाले. "अन् चीर तितं. हे कोणी फोडलं, माय?"

"तुमीच फोडलं, मामंजी."

"बराबर," ते म्हणाले आणि भकल माझ्याकडं दिलं.

संध्याकाळी त्यांनी भाजी घेतली नाही. भाकरी आणि मिरचीचा ठेचा मागितला. जेवण झाल्यावर कोयता माझ्यापुढं सरकवला. "हा आत ठेव. लेकरांच्या पायाला लागंल." इतकी वर्षं तो त्यांच्या उशापाशी भिंतीला असायचा.

मालकांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "झालं ते बरंच झालं. रोजची कटकट गेली." मला तेच हवं होतं आणि ते मिळालं होतं. बाईनं डांगर फोडलं म्हणून देव कोपतो यावर माझा तेव्हाही विश्वास नव्हता, आजही नाही. मी चिरलेल्या डांगरांनी आमच्या घरात कोणी आजारी पडलं नाही, म्हैस आटली नाही. त्या चार डांगरांचं मला काही वाटत नाही. "तुमीच फोडलं" असं मी म्हणाले त्याचं वाटतं. तोंडावर, दुसऱ्यांदा, आणि त्यांना सगळं कळल्यावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माळवदावरून डांगर उतरवलं, आतून कोयता आणला आणि दोन्ही त्यांच्यापुढं ठेवलं.

"कालचं म्याच चिरलं व्हतं, मामंजी. आधीची तिन्ही बी."

"काहून?"

"उशीर व्हत व्हता." याहून चांगलं कारण माझ्याजवळ नव्हतं आणि नवीन रचायचं नाही एवढं मी ठरवलं होतं. "हे अख्खं हाय. हात फिरवून बघा."

मी खरं सांगितलंय, म्हणून ते तपासणं सोडून देतील असं मला वाटलं होतं. त्यांनी सोडलं नाही. त्यांनी डांगर मांडीवर घेतलं आणि एकेका खाचेत नख घालून सगळं बघितलं. मग उलटं करून बूड बघितलं. मी समोर उभी राहून ते बघत होते.

"अख्खं हाय," ते म्हणाले. "पण गडगडतंय गं. म्या कितीबी नेम धरला तरी ते जागेवर ऱ्हाईना."

मी पाण्याच्या घागरींपाशी गेले, डोक्यावर घ्यायची चुंबळ आणली आणि डांगर तिच्यात बसवलं. हलवून बघितलं. हललं नाही. दोन हिवाळे मला हे सुचलं नव्हतं, कारण त्यांना ते कसं फोडता येईल याचा मी विचारच केला नव्हता. त्यांच्या हातून ते कधी सुटेल, एवढंच बघत होते.

त्यांनी देठ चाचपला, कोयता उचलला आणि पहिला घाव घातला. तो साल खरवडून गेला. रानातल्या बायका निघून तोवर बराच वेळ झाला होता आणि कालवण अजून व्हायचं होतं. मी चुलीतली जळती लाकडं बाहेर ओढली, त्यांवर पाणी मारलं आणि सासऱ्यांसमोर येऊन बसले.