निळीचा ओघळ

दुकानात निळीची पुडी दिसली की ते प्रकरण अजूनही माझ्या डोळ्यांपुढे उभं राहतं. नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. बीड जिल्ह्यात गेवराईकडच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. गावाचं नाव सांगत नाही आणि माणसांचीही सांगणार नाही. त्यातली बरीच अजून हयात आहेत.

भर उन्हाळा होता. नदी कोरडी पडली होती, तलावात नुसता चिखल. सकाळची हजेरी चालू असताना त्या गावचा किराणा दुकानदार ठाण्यात आला. कपाळावर भस्माचे पट्टे, अंगात धुतलेली बंडी.

"सायब, आमच्या हिरीत इख टाकलंय. माणसं उलट्या-जुलाबानं पटापटा मरायलीत."

"कोणी टाकलं?"

"त्या मेंढक्यानं. नदीपल्याड पाल ठोकून बसलाय. मी सोता बगितलाय त्याला हिरीवर, हातात दवाची बाटली हाय अन् पाण्यात वाकून बगायलाय."

मागचं भांडणही त्याने सांगितलं. गावाने मेंढरांना विहिरीवर पाणी पाजू दिलं नव्हतं. त्यावरून बाचाबाची झाली आणि जाताना मेंढपाळ म्हणाला होता, "तुमचं पाणी तुमालाच भोवंल." आता हेतू आहे, धमकी आहे, बाटली आहे. तपास अधिकाऱ्याला याहून जास्त काय लागतं?

आम्ही पोहोचलो तेव्हा लोकांनी त्याला चावडीपुढच्या लिंबाला बांधून ठेवलं होतं. तोंड सुजलेलं होतं. थोडा उशीर झाला असता तर आणखी एका मयताचा पंचनामा करावा लागला असता. त्याला जीपमध्ये घातलं, बाटली जप्त केली, ताज्या मृतदेहाचा व्हिसेरा, म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने, तपासणीसाठी औरंगाबादला रवाना केला. सरपंचाने आमच्यासाठी तालुक्याहून सीलबंद पाण्याच्या बाटल्या मागवल्या होत्या. गावात एसटीडीचा बूथ आला होता, रंगीत टीव्ही आले होते, आणि आता हे बाटलीतलं पाणीही आलं. ज्या गावात माणसं पाण्याने मरत होती तिथे आम्ही ते गार पाणी पीत पंचनामा लिहीत होतो. मला त्याचा आजही संताप येतो.

ठाण्यात मेंढपाळाची चौकशी सुरू केली. खोटं बोलणारा माणूस फार सांगतो, असा माझा अनुभव. हा फार बोलतच नव्हता.

"बाटलीत काय होतं बे?" हवालदाराने दरडावलं.

"गोचिडाची दवा. मेंढरान्ला लावायची. पाण्यात कालवून लावत्यात, म्हनून पाणी आणाया गेलतो."

"मग विहिरीत टाकलीस ना ती?"

"कावून टाकीन, सायब? माझी बायकू तेच पाणी पिती. चोरून, दुपारच्याला कुनी नसताना आनती." मग म्हणाला, "आन् आमी गावात शिरलो तवा एक मयत निगालं व्हतं. वाट सोडून हुबा राह्यलो मी."

या शेवटच्या वाक्यापाशी मी अडखळलो. हा येण्याआधीच एक माणूस गेला असेल तर ते विष कोणी घातलं? मी तडक गावात परतलो आणि दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, "त्येचं काय घेऊन बसलात, सायब? ते म्हातारं ऊसतोडीवरनंच हगवण घेऊन आलतं. ते आपल्या मरणानं मेलं."

गावाच्या हिशेबात ते मरण धरलेलंच नव्हतं.

शाळेत तालुक्याच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या. बाकांवर रोगी झोपवलेले, खिडक्यांच्या गजांना सलाइनच्या बाटल्या टांगलेल्या. तशा गडबडीतही बाई येईल त्याला एकच विचारत होत्या, तुम्ही राहता कुठे आणि पाणी कुठलं पिता? मला ते वायफळ वाटलं.

"बाई, मला आरोपी पाहिजे."

"मला तो नको, साहेब. वरच्या वस्तीवर एकही आजारी नाही, ते शेतातल्या बोअरचं पाणी पितात. इथे ज्या घरात मयत झालं, त्याच्या मागोमाग चार घरं आजारी पडतात. असं का, ते मला कळलं पाहिजे. नाहीतर मी सलाइन लावत बसेन आणि तुम्ही पंचनामे करत बसाल."

माझे आजोबा सांगायचे, साथ आली की त्यांच्या वेळी अख्खं गाव घरं सोडून माळावर राहायला जायचं. माझ्या लहानपणी लस टोचणारे सुईवाले आले. आम्ही पोरं ज्वारीत लपायचो. पण सुई नाही, गोळी नाही, अख्ख्या गावालाच एक रोगी समजून प्रश्न विचारणारं माणूस मी पहिल्यांदा बघत होतो.

मयतामागोमाग आजार, हे माझ्या डोक्यात बसलं. मी विहिरीवर जाऊन उभा राहिलो. तेवढ्यात भावकीतल्या बायका गाठोडी घेऊन आल्या. मयताचं धुणं होतं. त्या भागात मेलेल्याच्या अंगाखालची वाकळ, म्हणजे गोधडी, न् कपडे वाहत्या पाण्यातच धुवायचे, असा रिवाज. एरवी ते नदीवर होई. नदीच आटली, म्हणून बायका विहिरीतून घागरी शेंदत, विहिरीच्या ओट्यावर वाकळ पसरत आणि वरून धार सोडत. एक म्हातारी मला म्हणाली, "वाहतंय की पाणी. मेलेल्याची रीत चुकवावी का, बाबा?" रीत चुकू नये म्हणून त्यांनी त्या दुष्काळात स्वतःच्या वाट्याचं पिण्याचं पाणी ओतलं होतं.

ते पाणी ओट्यावरून वाहत एका कोपऱ्यात जात होतं, आणि तिथेच नाहीसं होत होतं. बाहेर चिखल नव्हता.

मी दुकानदाराकडून निळीच्या पुड्या मागवल्या. सगळं गाव गोळा केलं, बाईंनाही बोलावलं. नीळ घागरीत कालवली आणि बायका ओततात तशीच ओट्यावर ओतली. मग सगळ्यांना विहिरीत डोकावायला सांगितलं. थोडा वेळ काही नाही. मग फरशीच्या भेगेखालून, आतल्या दगडांवरून एक निळा ओघळ सावकाश खाली उतरला आणि पाण्यात मिसळला.

 ती म्हातारी ओट्यावरून खाली उतरली. दोन दिवसांपूर्वी तिने तिथेच आपल्या गेलेल्या नातवाचे कपडे धुतले होते.

बाईंनी विहीर बंद करायला लावली, टँकर मागवला. मग विचारलं, "गावाबाहेर कोण राहतं?"

"कुनी न्हाई," सरपंच म्हणाला.

"त्या मेंढपाळाचं पाल आहे," मी म्हणालो.

आम्ही जीपने नदीपल्याड गेलो. त्याची बायको पालात पडली होती, डोळे खोल गेलेले. विष घालणाऱ्याची बायको म्हणून कोणी तिला बैलगाडी दिली नव्हती. बाईंनी चालत्या जीपमध्ये सलाइन लावलं. शाळेपर्यंत ती टिकली नाही.

पुढचं कागदावर सोपं होतं. मेंढपाळाला त्याच दिवशी सोडलं. व्हिसेरात विष निघालं नाही. गैरसमजुतीने दाखल झालेला गुन्हा म्हणून 'क' समरी, म्हणजे प्रकरण बंद करण्याचा अहवाल, पाठवला आणि न्यायालयाने तो मंजूर केला. साथ आटोक्यात आली. ओटा सिमेंटचा झाला. त्यावर सरपंचाने आपलं नाव कोरून घेतलं.

आम्हा पोलिसांना एक माणूस शोधायची सवय असते. गावालाही तोच हवा असतो, आणि तो परका असला तर फारच सोयीचा. त्या उन्हाळ्यात मी शिकलो की मरण कधीकधी कोणाच्याही हातून येत नाही, सगळ्यांच्या हातून येतं. आणि गाव मोजताना एक पाल जरी वगळलं तरी मोजणी चुकते.

बायकोचे अंत्यविधी उरकल्यावर मेंढपाळ माझ्याकडे आला. काखेत तिची वाकळ होती.

"सायब, आता हिचं धुणं कुटं करू?"

 माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बाई हळूच म्हणाल्या, "धुऊ नका, बाबा. जाळून टाका."

"तिनं सोता शिवल्याली हाय," तो म्हणाला.

मग त्याने ती कोरड्या नदीच्या वाळूत नेऊन पसरली आणि काडी लावली. वाकळ तिच्या आजारपणात भिजलेली, अजून ओली होती, धुमसत राहिली. ती पुरती जळेपर्यंत तो तिथून हलला नाही, आणि मलाही त्याला एकट्याला सोडून निघवलं नाही.