पाच शनिवार, एकच गोष्ट

चौथ्या शनिवारी माझी खात्रीच झाली. मार्सेल पुन्हा तीच गोष्ट सांगत होता.

मला फ्रेंच येत नाही. शाळाही सातवीपर्यंतच. पण परळला चाळीस वर्षं मांडवांत स्पीकर लावले, कान माझा पक्का आहे. मुलाकडे टूनगॅबीला आलो आणि पॅरामॅटाच्या एका छोट्या रेडिओ स्टेशनवर पॅनल चालवू लागलो. पॅनल म्हणजे आवाजाच्या दांड्यांचं टेबल. त्या दांडीला फेडर म्हणतात.

मार्सेल म्हणे फ्रान्समध्ये तीस वर्षं रेडिओवर गोष्टी सांगायचा. असं तो सांगतो. इथे दर शनिवारी आर्व्होला, म्हणजे ऑस्ट्रेलियन बोलीत दुपारी, त्याचा तास, लाइव्ह. दर वेळी स्टेशनच्या फॉर्मवर 'नवीन कार्यक्रम' अशी टिक करायचा आणि हातात कागद धरायचा. नव्या गोष्टीच्या कागदाचे कोपरे इतके मळतात होय?

मी मॅनेजर ट्रेसीला सांगितलं, "हा फसवतोय. दर शनिवारी तीच गोष्ट."

"दत्तू, तुला फ्रेंच कळतं?"

"नाही."

"मग मेट, तुला सगळं सेमच वाटणार! प्रूफ आण. खरं निघालं तर त्याचा स्लॉट बंद."

मला लागलं ते. प्रूफ आणणारच म्हटलं.

स्टेशनवर जे वाजतं ते कॉम्प्युटरवर साठतं. पुढच्या शनिवारी मी मागचा कार्यक्रम एका फेडरवर घेतला आणि मार्सेलबरोबरच सुरू केला, फक्त माझ्या हेडफोनमध्ये. श्वास, हसू, टेबलावरची टकटक, सगळं जिथल्या तिथे. सापडला!

आणि मार्सेल थांबला.

मागच्या शनिवारचा मार्सेल पुढे निघून गेला. हा कागदाकडे नुसता बघत बसला. उलटा केला, सुलटा केला. मग काचेपलीकडून माझ्याकडे बघितलं. ते डोळे मी ओळखले. मास्तरांनी वाचायला उभं केलं की माझे तसेच व्हायचे.

रेडिओवरच्या अशा शांततेला डेड एअर म्हणतात. ती लांबली की ट्रेसी धावत येते. मी मार्सेलचा माइक बंद केला, रेकॉर्डिंग जरा मागे घेतलं आणि फेडर वर केला. रेडिओवर आणि त्याच्या कानातल्या हेडफोनमध्ये त्याचाच आवाज गेला. तो दचकला. मग ओठ हलू लागले. सूर जुळल्यावर माइक उघडला, रेकॉर्डिंग हळूच खाली आणलं. जोड कुणाला कळला नसेल.

बाहेर आल्यावर मार्सेल म्हणाला, "बाकीच्या गोष्टी डोक्यातून गेल्या, दत्तू. ही एकच राहिली." त्याचं इंग्रजी माझ्यासारखंच, तुटकं.

"ऐकणारे तक्रार नाही करत?"

"ते माझ्याच वयाचे आहेत."

तेवढ्यात ट्रेसी आली. "सो, दत्तू? सेम स्टोरी?"

मार्सेलने कागद खिशात कोंबला.

"मला फ्रेंच कुठे कळतं, मेट?" मी म्हणालो.

तिने दोघांकडे बघितलं. "नो वरीज," म्हणाली आणि गेली. तिला आधीपासून माहीत असावं असा मला दाट संशय आहे. मार्सेलच्या त्या तीस वर्षांबद्दलही संशय आहेच.

पण मागचा शनिवार आता दर शनिवारी फेडरवर तयार असतो. पुरावा जमवायचा तर नीट जमवावा. कधी कशाला उपयोगी पडेल सांगता येत नाही.