फोल्डरखाली दडलेलं चाक

सर्व्हर जोडलेला नसताना मी सर्व्हरच्या फोल्डरात फाईल सेव्ह करायला लावली. वर त्यासाठी परवानगीही दिली, अगदी उदार मनानं.

कोल्हापूरजवळच्या एका फाउंड्रीतले संगणक मी सांभाळतो. त्या सकाळी मुख्य सर्व्हर बसला आणि राखीव सर्व्हरनं काम उचललं. पण ड्रॉइंग करणाऱ्या ताईंच्या लिनक्स संगणकाला ते पटेना; तो बंद पडलेल्या सर्व्हरलाच धरून राहिला. मग मी सर्व्हरचं फोल्डर त्या संगणकापासून जबरदस्तीनं सोडवलं आणि परत जोडणार, एवढ्यात ताई म्हणाल्या, "दादा, सेव्ह होईना की!"

मी फोल्डरावर सगळ्यांना लिहायची मुभा दिली. "करा आता."

झालं सेव्ह. ताईंनी प्रोग्रॅम बंद केला, मी फोल्डर सर्व्हरला जोडलं. जुनी ड्रॉइंगं झाडून सगळी आली. नवीन तेवढं गायब!

ते होतं एका गुऱ्हाळाच्या घाण्याच्या दातेरी चाकाचं. मोडकं चाक घेऊन आलेले गुऱ्हाळवाले मामा समोरच बसले होते. मापं ताईंनी थेट संगणकात घातलेली, आणि मापं झाली म्हणून चाक भंगारासोबत भट्टीत गेलेलं. तिकडं तोडलेला ऊस वाळत होता.

"म्हंजे चाक बी न्हाय आन् चित्र बी न्हाय?" मामा उठून उभे राहिले.

खरं तर मी घाबरायला हवं होतं. पण मला भलतंच कुतूहल वाटलं. संगणक म्हणतो सेव्ह केलं, सर्व्हर म्हणतो माझ्याकडं आलंच नाही. दोघंही खोटं बोलणाऱ्यातले नव्हेत. मग लिहिलं कुठं?

मी फोल्डर पुन्हा सोडवलं. आत एकटीच फाईल, चाकाची! सर्व्हर सुटल्यावर खाली उरतं ते ताईंच्याच संगणकावरचं रिकामं फोल्डर. फाईल त्यात गेली आणि मी वर सर्व्हर आणून पसरला, सतरंजीवर दुसरी सतरंजी टाकावी तसा. खालचं दिसणार कसं?

फाईल बाजूला काढली, सर्व्हर जोडला, फाईल आत ठेवली. ताईंनी दाते मोजले. सगळे होते. मग मी मामांना हा सतरंजीचा सिद्धांत रंगवून सांगायला लागलो.

मामांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, "पावणं, चाक बसलं की गूळ खायाला या. पर घाण्याला हात लावू नगासा."