सात फळ्या आणि आमचे घरमालक

पाठ दुखते का, एवढा एकच प्रश्न विचारून घर भाड्याने देणारा घरमालक अख्ख्या चेन्नईत एकच असेल, आणि तो माझ्या वाट्याला आला हे मी माझं भाग्य समजतो. मी नुकताच साताऱ्याहून आलो होतो. नोकरी सिरुसेरीला, हातात एक बॅग आणि तमिळच्या नावाने पूज्य. वेलचेरीतल्या त्या दुमजली घराचं फाटक ढकललं, तर पांढरीशुभ्र वेष्टी नेसलेले, सत्तरीकडे झुकलेले एक ताठ गृहस्थ समोर उभे. मी इंग्रजीत सुरुवात केली. त्यांनी माझं नाव ऐकलं आणि मला मराठीतच अडवलं. "एट या," म्हणजे इकडे या. "जेवलांत कां? पाठ दुखते कां?" तंजावरची, कित्येक पिढ्या तमिळच्या शेजारी नांदलेली ती मराठी ऐकून मी इतका भांबावलो की दोन्ही प्रश्नांना एकदमच मान हलवली. नोकरी काय, पगार किती, लग्न झालंय का, यातलं त्यांनी काही म्हणजे काही विचारलं नाही. मला वाकून उभं राहायला सांगितलं, मागून एकवार पाहिलं आणि वरच्या खोलीची किल्ली दिली.

या तपासणीचं कारण खालच्या पडवीत पहुडलेलं होतं. ब्रह्मदेशी सागाच्या सात फळ्या. नऊ फूट लांब, दीड फूट रुंद, तीन बोटं जाड. मामांचे वडील (घरमालकांना सगळे भाडेकरू मामाच म्हणत) बंदराजवळच्या एका वखारीत जन्मभर कारकून होते. निवृत्तीच्या दिवशी वखारीच्या मालकाने त्यांना या फळ्या भेट दिल्या. त्यांनी त्या तशाच ठेवल्या आणि जाताना मुलाचा हात धरून म्हणाले, "यांचं कांहीं चांगलं कर." चांगलं म्हणजे काय, ते सांगायचं राहून गेलं. मामांनी पुढची तीस वर्षं त्यावर विचार केला.

विचार करताना लाकडाचे हाल होऊ नयेत म्हणून मामा त्याची जी बडदास्त ठेवत, ती मामींच्या मते जावयाचीही कुणी ठेवली नसेल. फळ्यांच्या मध्ये हवा खेळायला पट्ट्या, पावसाळ्याआधी तेलाचा हात, आणि वर्षातून एकदा कूस बदलणं. भोगीच्या सकाळी सगळं गाव घरातलं जुनंपुराणं बाहेर काढून जाळतं. आमच्याकडे जुनं सामान उलटं करून परत जागेवर ठेवलं जाई. सगळ्या भाडेकरूंची हजेरी सक्तीची. एका फळीला चार माणसं, आणि मामा पुढे उभे राहून लग्नाच्या वरातीला वाट करून द्यावी तसे हात हलवत. मग मामींच्या हातचा तुपाने थबथबलेला पोंगल आणि कॉफी. ती कॉफी प्यायल्यावर दुखणारी पाठही दुखायची थांबे.

फळ्यांना मागण्या काय कमी आल्या? टी. नगरचा एक सराफ दुकानातल्या काउंटरसाठी मागायला आला. मामा म्हणाले, "सोन्याखालचं लाकूड कोण बघतं?" कोपऱ्यावरच्या देवळाला दार हवं होतं. मामांनी दोन दिवस विचार करून हात जोडले. "दार म्हणजे माणसाला बाहेर ठेवायचं काम. माझ्या अप्पानं कोणाला बाहेर ठेवलं नाहीं." अमेरिकेतल्या लेकीला जेवणाचं टेबल हवं होतं. तिला फोनवर गोड बोलून मामा आमच्याकडे वळले. "तिच्या घरीं माणसं दोन. तींही उभ्यानं खातात."

त्यातल्या त्यात त्यांचं मन झोपाळ्यावर होतं. दर वर्षी एक म्हातारा आसारी, म्हणजे सुतार, कानावर पेन्सिल अडकवून येई. दोघं दुपारपर्यंत झोपाळ्याच्या कड्यांवर वाद घालत, जेवत आणि पुढच्या वर्षाचं ठरवून उठत. एकदा आसारीने धीर करून फळीवर रेघ ओढली. मामांनी ती चष्मा लावून पाहिली, "रेघ उत्तम आहे," म्हणाले आणि खोडरबराने पुसून टाकली.

पुराच्या वर्षी तर कहर झाला. पाणी फाटकात शिरलं तशी लोकांनी टीव्ही, गॅस, कपाटातले कागद वर न्यायला सुरुवात केली. आम्ही गुडघाभर पाण्यात सात फळ्या जिन्यावरून माडीवर चढवल्या. खाली मामींचा नवा फ्रिज हळूहळू तरंगू लागला. "अय्यो, फ्रिज पाण्यांत आणि लाकूड माडीवर!" मामींनी कपाळावर हात मारला. पाणी ओसरल्यावर आसारी विचारपूस करायला आला आणि पोट धरून हसला. या सागाची जहाजं बांधतात म्हणे. पाण्यात चार दिवस राहिला असता तरी त्याला काही झालं नसतं. मामा जरासुद्धा ओशाळले नाहीत. "जहाजाला कोणी विचारलंय कां, तुला पाणी आवडतं कां म्हणून?" खरं सांगायचं तर त्या तीन रात्री शेजारची तीन कुटुंबं त्याच फळ्यांवर, मामांनी स्वतः अंथरलेल्या चादरींवर झोपली होती. त्याबद्दल मामा नंतर कधी अवाक्षर बोलले नाहीत.

मग जे सगळ्या वेलचेरीचं झालं तेच या घराचंही झालं. मामा-मामींना घराचा व्याप झेपेना, घर दुरुस्तीला आलं, आणि ते पाडून फ्लॅट बांधायचं ठरलं. मामांना तीन महिन्यांत भाड्याच्या दोन खोल्यांत जायचं होतं. तिथे नऊ फुटांची फळी आडवी मावत नव्हती आणि उभीही राहत नव्हती. मामांनी आसारीला बोलावलं. "अत्ता कापा. झोपाळाच करा." आसारीने फळीवरून तळहात फिरवला आणि मग तोच हात मामांपुढे धरला. हात थरथरत होता. तमिळमध्ये तो हळूच म्हणाला, "उशीर झाला, सर. मुलगा माझा प्लायवूडचीच कामं करतो." दोघं बराच वेळ फळ्यांशेजारी बसून राहिले. मला त्यांच्याकडे बघवेना.

तिसऱ्या दिवशी त्यांनी जुन्या भाडेकरूंना फोन लावले. फळ्या उचललेली आम्ही सात माणसं पडवीत जमलो. मामा ताठ उभे होते. "अप्पा बोलले, कांहीं चांगलं कर. मी एकट्यानं विचार केला, अस्कं आयुष्य गेलं. अत्ता तुम्ही सातजण करा. एकेक न्या. वर्षाच्या आंत कांहीं तरी बनवा. माझ्यासारखे बसूं नका." टेम्पो निघाला तेव्हा ते फाटकापर्यंत आले आणि माझ्या फळीखालची पट्टी सरळ करून परत गेले.

माझी फळी आता माझ्या हॉलमध्ये सोफ्यामागे आहे. मुलीच्या अभ्यासाच्या टेबलासाठी सुतार येऊन गेला. चांगला माणूस, मापं अचूक. त्याने ओढलेली पेन्सिलीची रेघ तो गेल्यावर मी खोडरबराने पुसली. वर्ष कधीच उलटून गेलं.

दर भोगीला सकाळी मामांचा फोन येतो. "काय केलात फळीचं?" मी अपराध्यासारखा म्हणतो, "अजून ठरत नाही, मामा." पलीकडचा आवाज एकदम तरुण होतो. "सरि, सरि," म्हणजे बरं, बरं. "घाई करूं नका. उलटलीत कां?" टेबल झालं तर मुलीची सोय होईल हे मला कळतं. पण मग भोगीच्या सकाळी हा माणूस मला काय विचारेल? फोन ठेवण्याआधी ते न चुकता विचारतात, "पाठ दुखते कां?"

"नाही, मामा," मी म्हणतो. गेली दोन वर्षं दुखते आहे, पण ते मी त्यांना कधीही सांगणार नाही.